दिनविशेष : २२ डिसेंबर – मदर कॅब्रिनी यांचे निधन (१९१७)

नाताळ तीन दिवसांवर आला होता. मुलांना वाटायच्या खाऊची तयारी चालू असतानाच शिकागोच्या कोलंबस हॉस्पिटलमध्ये मदर फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांनी अखेरचा श्वास घेतला. वय ६७.

इटलीतल्या लोंबार्दीत १८५० मध्ये जन्मलेल्या या जोगिणीला जायचे होते चीनला. पोप तेरावे लिओ यांनी मात्र त्यांना पश्चिमेला धाडले. १८८९ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या. तिथे इटालियन मजुरांचे हाल होते. आजारी पडले तर आपल्या भाषेत दुखणे सांगायलाही कोणी नसे. परमुलखात राहिलेल्या कोणालाही ही वेदना कळेल. पुढे रुग्णालयासाठी शिकागोत मदर कॅब्रिनी यांनी एक जुने हॉटेल विकत घेतले. व्यवहारात फसगत होऊ नये म्हणून त्यांच्या सहकारी भगिनींनी ती जागा दोरीने मोजून घेतली, असे सांगतात. १९०५ मध्ये तिथे कोलंबस हॉस्पिटल सुरू झाले. शाळा, अनाथालये, इस्पितळे मिळून त्यांनी उभारलेल्या संस्थांची संख्या ६७ सांगितली जाते.

१९०९ मध्ये अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या मदर कॅब्रिनी १९४६ मध्ये संत घोषित झाल्या. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या अमेरिकी नागरिक.

रुग्णालय या शतकाच्या सुरुवातीला बंद पडले, इमारत पाडली गेली, तिथे निवासी मनोरा आला. मात्र १९५५ मध्ये रुग्णालयाच्या आवारात बांधलेले प्रार्थनामंदिर वाचले, हे फार चांगले झाले. २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मदर कॅब्रिनी यांची अखेरची खोली तिथे आजही पाहता येते.