आडवे पान, उभे पान

पहिल्या शतकातील ग्रीक ‘पेरिप्लस’मध्ये आपल्या चौलचा उल्लेख ‘सेमिल्ला’ असा येतो, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तो इतिहास वाचावा कोठे? डॉ. गर्सन दा कुन्हा यांचा चौल-वसईवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ सालचा. कुलाब्याचे गॅझेटियर १८८३ सालचे. आज दोन्ही पीडीएफ रूपाने घरबसल्या फुकट मिळतात. मिळतात खरे, वाचवतात का, हा प्रश्न आहे.

पीडीएफ अडोब कंपनीने १९९३ साली आणली. पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे व छापता यावे, हा तिचा हेतू. पुढे ई-इंकचा पडदा आला. त्यात काळेपांढरे कण विजेच्या दाबाने वरखाली होतात. पान एकदा उमटले की ते टिकवण्यास वीज लागत नाही, आणि ते कागदासारखे उन्हातही वाचता येते. सोनीने २००४ साली जपानात आणि ॲमेझॉनने २००७ साली अमेरिकेत अशी वाचनयंत्रे विकावयास काढली.

आता हिशेब पाहा. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद, सहा इंची पडदा सुमारे ९. बारा पॉइंटचे अक्षर पाच पॉइंटचे होते. देवनागरीत हे फार महाग पडते. ‘कामगाराचा हक्क’ आणि ‘कामगारांचा हक्क’ यांत अंतर एका टिंबाचे. करारनाम्यात ते टिंब दिसले नाही, तर एकाचे की सर्वांचे, हेच कळत नाही.

उपाय आपल्या पोथीने दाखवलेला आहे. पोथीचे पान आडवे असे. यंत्र आडवे धरावे, कोरे समास कापावेत. मग १६ सेंटिमीटरची ओळ १२ सेंटिमीटरांत बसते आणि अक्षर नऊ पॉइंटचे राहते. पान दोनतीन तुकड्यांत वाचावे लागते, इतकेच. अक्षरे नव्याने जुळवून मोठी करण्याचीही सोय असते. परंतु पान नुसते छायाचित्र असेल, किंवा मजकूर युनिकोडपूर्व टंकात असेल, तर ती बहुधा फसते.

म्हणून वाचनालयांनी गावाची जुनी कागदपत्रे समास कापून, शक्य तेथे युनिकोडमध्ये उतरवून ठेवावीत. हे काम कंटाळवाणे आहे, पण चार जणांनी वाटून घेतल्यास होण्यासारखे आहे. ज्याला स्वतः वाचता येत नाही, त्याच्यासाठी दुसरा वाचतो. आणि अर्थही मग दुसराच ठरवतो.