चेतापेशींचे स्थलांतर, जन्मोत्तर

जन्मानंतरही अपरिपक्व असलेल्या चेतापेशींचा उगमस्थानापासून कायमच्या जागेपर्यंतचा प्रवास. मेंदूची बरीचशी मांडणी गर्भातच होते. लहान मेंदू, घ्राणकंद आणि माणसात ललाटखंड यांत मात्र ती जन्मानंतरही चालू असते.

लहान मेंदूत या पेशी बाहेरच्या थरात तयार होतात आणि बर्गमान पेशींच्या उभ्या तंतूंना धरून आत उतरतात. मानवी बाळात हा थर जन्मानंतर अनेक महिने टिकतो.

सर्वांत सखोल अभ्यास झाला आहे तो कृंतकांमधील घ्राणकंदाच्या वाटेचा. जोसेफ ऑल्टमन यांनी १९६९ मध्ये किरणोत्सारी थायमिडीनच्या खुणेवरून उंदराच्या मोठ्या जातीत (रॅट) ती वाट दाखवली. त्या काळी तिची फारशी दखल घेतली गेली नाही, हे विज्ञानाचे नुकसानच. १९९४ मध्ये कार्लोस लोइस आणि आर्तुरो अल्वारेझ-बुया यांनी प्रौढ उंदरातही पेशी पार्श्व विवराच्या भिंतीतून निघून काही मिलिमीटर दूरच्या घ्राणकंदात पोहोचतात, हे सिद्ध केले.

या पेशी एकमेकींच्या अंगावरून, साखळीने सरकतात. साखळीभोवती ताराकृती पेशींचे वेष्टन असते. हालचाल सलग नसते. पेशी आधी पुढचा लांब प्रवर्ध पसरते, सेंट्रोसोम त्यात शिरतो, मग केंद्रक एका झटक्यात पुढे ओढले जाते आणि थोडी विश्रांती होते. दिशा ठरते ती बऱ्याच अंशी मागून मिळणाऱ्या प्रतिकर्षणामुळे. मस्तिष्कद्रव स्रवणाऱ्या झालरीसारख्या ऊतीतून स्लिट हे प्रथिन बाहेर पडते आणि विवराच्या अस्तरावरील पक्ष्माभिकांनी वाहवलेल्या द्रवातून पसरते. पेशी त्यापासून दूर जातात. घ्राणकंदात रीलिन या प्रथिनामुळे साखळी सुटते. पोहोचलेल्यांपैकी सुमारे निम्म्या पेशी तिथे मरतात. उरलेल्या मंडलांत जोडल्या जातात.

माणसाची कथा वेगळी आहे. २०११ च्या मानवी ऊतींच्या अभ्यासात ही वाट अर्भकांत गजबजलेली आढळली. तिचा एक फाटा ललाटखंडाच्या आतील भागाकडे वळत होता. सुमारे १८ महिन्यांनंतर ती जवळजवळ ओस पडते. मर्सिडीज परेदेस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये, जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत निरोधक चेतापेशींचे थवे ललाटखंडात पसरत असल्याचे दाखवले. प्रौढ उंदरातील निष्कर्ष प्रौढ माणसाला जसेच्या तसे लावणे म्हणूनच चूक ठरते. मेंदू स्वतःला दुरुस्त करतो असा दावा वाचताना प्रयोग कोणत्या प्राण्यावर आणि कोणत्या वयात झाला, हे वाचकाने आधी पाहावे.