तळटीप : वॉटरक्रेस
ज्या पाल्याच्या सुपाचा येथे उल्लेख आला आहे, तो वॉटरक्रेस या मोहरी, मुळा व अळीव यांच्याच कुळातील, उथळ वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीचा होय. इंग्लंडात तिची व्यापारी लागवड केंट परगण्यात विल्यम ब्रॅडबेरी याने 1808 साली आरंभिली. पुढे हँपशर परगण्यात, खडूच्या खडकांतून निघून बाराही महिने जवळजवळ एकसारखे शीतल राहणाऱ्या झऱ्यांवर तिचे वाफे पसरले आणि 1865 मध्ये ऑल्रेसफर्डपर्यंत लोहमार्ग पोहोचल्यावर ताज्या जुड्या लंडनच्या बाजारी रवाना होऊ लागल्या.

अखंड पानात तिचा तिखटपणा सुप्त असतो. पान चिरले वा चावले म्हणजे पेशी फुटून त्यांतील गंधकयुक्त द्रव्य व त्याचे विघटन करणारे विकर यांचा संयोग होतो आणि नाकात जाणारी ती झणझणी उत्पन्न होते. परंतु उष्णतेने हे विकर निकामी होत असल्यामुळे, कांदा व बटाटा लोण्यात परतून, पाण्यात मऊ शिजवून, पातेले चुलीवरून उतरविण्याच्या बेतातच पाला घालावा व तो कोमेजताच सर्व घोटून घ्यावे, ही तेथील जाणत्या सुगरणींची रीत सर्वथैव सशास्त्र आहे. कोशिंबिरीत कच्चा चुरचुरणारा मुळ्याचा कोवळा पाला पीठ पेरून शिजविला की सौम्य होतो, त्याचेही कारण हेच.

मात्र ज्या ओढ्याकाठी गुरेमेंढरे चरतात तेथील रानटी वॉटरक्रेस, यकृतात शिरणाऱ्या पर्णकृमीच्या भयास्तव, वाचकांनी कच्ची कदापि खाऊ नये.