कार्पेट एरिया आणि बिल्ट-अप एरिया यात फरक काय?

दादर पूर्वेच्या नायगावात (वसईजवळचं नायगाव वेगळं!) बीडीडी चाळींच्या पुनर्विकासामुळे एक आकडा घरोघरी पोहोचला आहे : ५०० चौरस फूट. पण फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजमध्ये त्यापुढे कधी 'कार्पेट' लिहिलेलं असतं, तर कधी 'बिल्ट-अप'. हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत.

कार्पेट एरिया म्हणजे काय?

शब्दशः, जिथे गालिचा अंथरता येईल ती जागा. चाळीच्या भाषेत, रात्री गाद्या घालता येतील ती. २०१६ च्या रेरा कायद्यानुसार यात घरातली वापरायची जागा आणि खोल्यांमधल्या आतल्या भिंती येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि खुली गच्ची यात धरत नाहीत.

बिल्ट-अप एरिया म्हणजे काय?

कार्पेट एरियात बाहेरच्या भिंतींची जाडी आणि बाल्कनी मिळवली की साधारणपणे बिल्ट-अप होतो. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा धरला की 'सुपर बिल्ट-अप'.

चाळीतलं उदाहरण

बीडीडी चाळ १९२० च्या दशकातली. तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची. मधला पॅसेज, जिना, सामाईक शौचालय सगळे वापरायचे, पण ते आपल्या १६० मध्ये कुणीच मोजलं नाही. सुपर बिल्ट-अपमध्ये नेमकं हेच मोजलं जातं! पुनर्विकासात रहिवाशांना मिळणारं ५०० चौरस फुटांचं घर कार्पेट एरियाचं आहे. मेसेजमध्ये '५०० बिल्ट-अप' लिहिणं म्हणजे घर कागदावर लहान करणं.

पैशांचा हिशेब

समजा, फ्लॅटची किंमत दीड कोटी. जाहिरातीत ७५० चौरस फूट सुपर बिल्ट-अप दाखवलं, तर दर पडतो २० हजार रुपये चौरस फूट. कार्पेट ५०० च असेल, तर खरा दर ३० हजार. घर तेच, पैसे तेच. फक्त शब्द बदलल्यामुळे ते स्वस्त वाटतं. म्हणून दोन फ्लॅटची तुलना नेहमी कार्पेटवरच करा.

वापरताना लक्षात ठेवा

• 'घर ५०० फुटांचं आहे' एवढं पुरेसं नाही. 'कार्पेट की बिल्ट-अप?' हे विचाराच.
• रेराखालील प्रकल्पाच्या करारात कार्पेट एरिया लिहावाच लागतो. तोंडी आकड्यापेक्षा तो पाहा.
• टेप लावून खोल्या मोजल्या, तर बेरीज करारापेक्षा थोडी कमी भरू शकते, कारण आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरलेली असते. तेवढ्यावरून फसवणूक झाली असं समजू नका.
• बाल्कनीचं माप वेगळं लिहून मागा.

थोडक्यात : गादी घालाल ते कार्पेट, भिंती-बाल्कनीसकट ते बिल्ट-अप. पुढचा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी आकड्यापुढचा शब्द तेवढा बघा.