प्लग-इन हायब्रीड : मोटार की एसयूव्ही?

घरच्या विजेवर चार्ज होणारी आणि बॅटरी उतरल्यावर पेट्रोलवर धावणारी गाडी म्हणजे प्लग-इन हायब्रीड. ती साध्या मोटारीच्या रूपात घ्यावी की एसयूव्हीच्या, हे ठरवताना अमेरिकेत विकल्या गेलेल्या टोयोटाच्या २०२३ च्या दोन मॉडेलांची तुलना उद्बोधक ठरते.

‘प्रियस प्राइम एसई’ या मोटारीची बॅटरी १३.६ किलोवॉट-तासांची, तर ‘रॅव्ह-फोर प्राइम’ या एसयूव्हीची १८.१ किलोवॉट-तासांची आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मोजणीनुसार केवळ विजेवर मोटार सुमारे ७१, तर एसयूव्ही सुमारे ६८ किलोमीटर जाते. म्हणजेच जवळपास तेवढ्याच अंतरासाठी जड व उंच एसयूव्हीला एक तृतीयांशाने मोठी बॅटरी लागते.

बॅटरी उतरल्यावर हा फरक खिशाला जाणवतो. दर १०० किलोमीटरला मोटार सुमारे साडेचार लिटर पेट्रोल घेते, एसयूव्ही सुमारे सव्वासहा लिटर. त्या बदल्यात एसयूव्हीत चारही चाकांना शक्ती, सामानाला अधिक जागा आणि २२० ऐवजी ३०२ अश्वशक्ती मिळते.

रोजचा प्रवास पन्नास किलोमीटरच्या आत असेल आणि रात्री घरी चार्जिंगची सोय असेल, तर दोन्ही गाड्यांना पेट्रोल क्वचितच लागेल; तेथे निवड कुटुंबाच्या गरजेनुसार करावी. वारंवार लांबचा प्रवास करणाऱ्यांना मोटारच परवडते. चार्जिंगची सोयच नसेल, तर मात्र दोन्हींतील महागडी बॅटरी हे निव्वळ ओझे ठरते.