नरनाळ्याचा बंदी राजा

होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ (१७६४) ही इंग्रजी गॉथिक भयकथेची आद्य कादंबरी मानली जाते. मॅनफ्रेडच्या आजोबांनी बळकावलेली गादी मॅनफ्रेड सोडत नाही. त्याचा एकुलता मुलगा लग्नाच्या दिवशीच एका अजस्र शिरस्त्राणाखाली चिरडला जातो. अखेर किल्ल्याच्या भिंती ढासळतात आणि खरा वारस पुढे येतो. सत्तालोभ, किल्ला आणि निर्वंश होणारे घराणे या तीन गोष्टींवर पुढील अनेक भयकथा उभ्या राहिल्या. या तिन्ही गोष्टी वऱ्हाडात त्याआधी सुमारे दोन शतके प्रत्यक्ष घडून गेल्या होत्या. तेथे खरा वारस मात्र वाचला नाही.

फतहुल्ला इमाद-उल-मुल्क याने १४९० मध्ये बहामनी सत्तेपासून फारकत घेऊन एलिचपूर (आजचे अचलपूर) येथे इमादशाही स्थापन केली. अकोट तालुक्यातील नरनाळा व चिखलदऱ्याजवळील गाविलगड हे तिचे दोन बळकट आधार. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा याच फतहुल्लाच्या काळातला. कमळे कोरलेला, सज्जे काढलेला हा दरवाजा पाहताना त्याच्या आत पुढे एक राजाच बंदी झाला, हे मनात येत नाही.

१५६२ च्या सुमारास दर्या इमादशाह मरण पावला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. कारभार तुफालखान या सरदाराच्या हाती गेला. कारभार्‍याला लवकरच राजाची अडचण वाटू लागली. त्याने बुऱ्हाणला नरनाळ्यावर कैदेत टाकले आणि स्वतः राज्य करू लागला.

अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाला आयतेच निमित्त मिळाले. ‘बुऱ्हाणला मुक्त करा’, अशी मागणी करीत त्याने वऱ्हाडावर स्वारी केली. तुफालखान नरनाळ्यात, तर त्याचा मुलगा शमशेर-उल-मुल्क गाविलगडात अडकून पडला. नरनाळा पडताच तुफालखान डोंगरात निसटला, पण पकडला गेला. ते कळल्यावर मुलानेही गाविलगड खाली केला. १५७४ मध्ये इमादशाही संपली.

ज्याच्या सुटकेसाठी ही स्वारी झाली, त्या बुऱ्हाणला गादी मिळाली नाहीच. निजामशाहाने त्याला तुफालखान व त्याच्या कुटुंबीयांसह आपल्या मुलखातील एका किल्ल्यात कोंडले. कैद करणारा आणि कैदी आता एकाच कोठडीत होते. फेरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तान्तानुसार सुमारे चाळीस जणांचा हा सारा परिवार तेथेच मरण पावला. कोणी म्हणे गळे आवळले, कोणी म्हणे अरुंद खोलीत गुदमरून मेले. फेरिश्ता स्वतः पुढे निजामशाही दरबारात चाकरीला होता, त्यामुळे दुसरी कथा थोडी सावधपणेच वाचावी लागते. पहिली हुकमाकडे बोट दाखवते, दुसरी निष्काळजीपणाकडे. मृत्यूंचा लाभ मात्र एकालाच झाला.

गाविलगडावरील बहराम बुरूज १५७७ चा, म्हणजे नव्या धन्यांच्या अमलातला आहे.

मुर्तझाला पुढे लोक ‘दिवाना’ म्हणू लागले. १५८८ मध्ये त्याचाच मुलगा मीरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडून गुदमरवून मारले. मीरान हुसेनही पुढच्याच वर्षी मारला गेला.