पाम हाउसची हिरवी काच

लंडनच्या क्यू गार्डनमधलं पाम हाउस १८४८ साली बांधून झालं तेव्हा त्याच्या काचा हिरव्या होत्या. फिकट, पण हिरव्याच. त्या काचेचा सल्ला देणारा माणूस होता रॉबर्ट हंट. माळी नाही, वास्तुशिल्पी नाही, वनस्पतिशास्त्रज्ञही नाही. १८४१ साली फोटोग्राफीवर इंग्रजीतलं पहिलं सविस्तर पुस्तक लिहिणारा आणि हिराकस डेव्हलपर म्हणून वापरता येतो हे दाखवून देणारा हा रसायनज्ञ. काचघराचा आणि कॅमेऱ्याचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिला जातो याचं मला वाईट वाटतं, कारण दोन्हींच्या मुळाशी त्या काळी एकच प्रश्न होता: उजेड वस्तूवर पडला की तिचं काय होतं?

मी चिपळूणच्या एका फोटो स्टुडिओत वाढले. डार्करूमच्या लाल दिव्याखाली अण्णांचे हात चालायचे, आणि मी विचारायचे की या दिव्याने कागद काळा का होत नाही. ते म्हणायचे, "या कागदाला लाल दिसतच नाही गं, म्हणून तर आपल्याला काम करता येतं." पावसाळ्यात गिऱ्हाईक नसलं की ते मला ब्रोमाइड कागदाचा तुकडा द्यायचे. त्यावर नेच्याचं पान ठेवायचं, वर काच दाबायची, दिवा क्षणभर लावून बंद करायचा. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये काळ्या कागदावर पांढरं पान उमटायचं, कडेच्या प्रत्येक दातऱ्यासकट. मग हायपो, मग पाणी. इंग्लंडात फोटोग्राफीची सुरुवात याच खेळाने झाली हे मला फार उशिरा वाचायला मिळालं.

विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट कागदाला चांदीचा क्षार लावून त्यावर पानं-फुलं ठेवून उन्हात धरायचा. तो स्वतः वनस्पतींचा जाणकार होता. १८३९ साली आपला शोध जगापुढे मांडल्यावर त्याने वनस्पतितज्ज्ञ विल्यम हूकर यांना असे कागद पाठवले, आणि ब्रिटनमधल्या वनस्पतींवर फोटोंसकट ग्रंथ करू, असंही सुचवलं. हूकरनी कौतुक केलं, पण एका कॅम्पॅन्युलाच्या चित्राबद्दल तीन तक्रारी कळवल्या: फुलाचा फुगीरपणा दिसत नाही, निदलपुंज कळत नाही, पानाच्या शिरा स्पष्ट नाहीत. माझ्या मते वनस्पतींच्या फोटोवरची ही पहिली खरी समीक्षा, आणि ती अजून जुनी झालेली नाही.

त्याच सुमारास क्यूची बाग मोडीत काढायचं सरकारच्या मनात होतं. ती वाचावी म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत टॅलबट होता. बाग वाचली, १८४१ साली हूकर तिचे संचालक झाले, आणि १८४४ साली पाम हाउसचं काम सुरू झालं. आराखड्यात डेसिमस बर्टनचा हात, लोखंडकाम डब्लिनच्या रिचर्ड टर्नरचं. जहाजाच्या डेकखाली घालतात तशा घडीव लोखंडाच्या तुळया वाकवून त्याने कमानी उभ्या केल्या, त्यामुळे आत खांबांची गर्दी झाली नाही आणि माडांना सरळ वर जायला जागा मिळाली. इमारत सुमारे ३६० फूट लांब, मध्यावर ६० फुटांहून उंच. तळघरात बॉयलर, आणि त्यांचा धूर जमिनीखालून दूरच्या एका मनोऱ्यात नेलेला, म्हणजे काचा काळ्या होऊ नयेत. काचेवरचा अबकारी करही १८४५ साली उठला.

इतकी काच म्हणजे उन्हाळ्यात पानं करपणार, ही धास्ती होती. म्हणून हंटला बोलावलं. त्याने जे केलं ते मला सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर वाटतं. त्याने पामची पानं ठेचून रस काढला, तो कागदाला फासला आणि प्रिझममधून फाकलेला सूर्यप्रकाश त्या कागदावर पाडला. जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत कुठल्या पट्ट्याखाली रस विटतो, हे तो बघत बसला. म्हणजे हा फोटोच झाला, फक्त चांदीऐवजी पानाच्या हिरव्या रसावर काढलेला! जॉन हर्शेलने १८४२ साली फुलांच्या रसावर असेच प्रयोग केले होते. हंटचा निष्कर्ष असा की करपवणारे किरण तांबड्याच्या टोकाला आणि त्याच्या किंचित पलीकडे असतात. ते अडवायला काचेत तांब्याचं ऑक्साइड घालावं. मँगनीज मात्र मुळीच नको, कारण त्याने काच उन्हात गुलाबी पडत जाते. १८४७ साली ब्रिटिश असोसिएशनपुढे त्याने हे मांडलं, आणि तशीच काच बसली.

झाडांची सोय झाली, पण कॅमेऱ्यापुढचा पेच तसाच राहिला. त्या काळच्या प्लेटला निळा-जांभळा प्रकाश तेवढा कळायचा. हिरवं तिला जेमतेम दिसायचं, तांबडं तर नाहीच. आकाश पांढरंफटक, पानं काळपट, लाल जास्वंद काळी. आणि काचघरात तर चहूकडे हिरवंच. अण्णांच्या लाल दिव्याचं उत्तर इथे आडवं येतं: जे न दिसल्यामुळे डार्करूम चालते, तेच न दिसल्यामुळे फूल हरवतं.

म्हणून वनस्पतींची नोंद कुंचल्यानेच होत राहिली, आणि मी त्या लोकांना मागासलेलं म्हणणार नाही. पाम हाउस पुरं होत होतं त्याच वर्षांत, १८४७ ते १८५० दरम्यान, आपल्या पुण्याजवळ दापोडीच्या सरकारी बागेत डॉ. अलेक्झांडर गिब्सन झाडांची चित्रं करवून घेत होते. काढणारा होता पोर्तुगीज वंशाचा एक हिंदी चित्रकार. ती चित्रं आज एडिंबरोच्या बागेच्या संग्रहात आहेत, पण चित्रकाराचं नाव त्यांच्याबरोबर पोचलेलं नाही. ज्या माणसाने आपल्या मुलखातलं पान न् पान निरखलं, त्याची एवढीही खूण राहू नये हे मला फार लागतं.

१८८९ साली क्यूला सुमात्राचा टायटन आरम फुलला. आपल्या सुरणाचा आणि पावसाळ्यातल्या शेवळांचा हा भाऊबंद, पण माणसाहून उंच फुलोरा आणि कुजलेल्या मांसासारखा वास. जंगलाबाहेर लावलेल्या झाडाला इतिहासात पहिल्यांदाच आलेला हा बहर. कर्टिसच्या वनस्पती-मासिकासाठी त्याचं चित्र मॅटिल्डा स्मिथ यांनी त्या दुर्गंधीत बसून रंगवलं. फोटोग्राफीला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती. पण ज्या गर्द किरमिजी रंगासाठी ते फूल पाहायचं, तो साध्या प्लेटवर काळा आला असता.

अपवाद होता नेच्यांचा. अॅना अॅटकिन्स आणि त्यांची मैत्रीण अॅन डिक्सन यांनी १८५०च्या दशकात हर्शेलच्या निळ्या छपाईच्या रीतीने परदेशी नेचे छापले, जमैकाचे, सिलोनचे. नेचा चपटा, त्याला फुगीरपणा नाही, निदलपुंज नाही, आणि रंगाचा प्रश्नच नाही. हूकरच्या तक्रारींना वाव न देणारी वनस्पती त्यांनी नेमकी निवडली.

प्लेटची नजर उघडली ती १८७३ साली. बर्लिनच्या हेर्मान फोगेलला आढळलं की प्लेटमध्ये योग्य रंगद्रव्य मिसळलं तर तिला हिरवंही कळू लागतं. पुढे १९०६च्या सुमारास तांबडंही कळणाऱ्या प्लेटा बाजारात आल्या, आणि १९०७ साली ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम. बटाट्याच्या पिठाचे कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरलेले. रंग आला, पण उन्हातसुद्धा सेकंद-दोन सेकंद प्लेट उघडी ठेवावी लागे. बाहेरच्या बागेत तेवढ्यात वारा पाकळी हलवून जातो. काचघरात वारा नाही. उकाड्याने जीव नकोसा होतो, पण केळीचं पान जागचं हलत नाही, आणि उन्हाळ्यात माळ्यांनी काचेला चुन्याचा हात दिला असेल तर सावल्याही मऊ पडतात. मंद कॅमेऱ्याला यापरती जागा मिळाली नसती.

हिरव्या काचा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी निघाल्या. लंडनच्या धुरानेच इतका उजेड खाल्ला होता की झाडांना आणखी आडोसा नको होता. नंतर दोन मोठ्या दुरुस्त्या झाल्या, १९८४ ते १९८८ मधली तर सगळं घर उसवून.

मुलगी हाउन्स्लोला राहते, म्हणून मला पाम हाउसमध्ये जायला मिळतं. थंडीतून आत गेलं की लेन्सवर लगेच दव धरतं. ते पुसायचं नाही. कॅमेरा पिशवीतच ठेवून बाकावर बसायचं, तो आतल्या हवेइतका तापू द्यायचा. बसायला मी जागा धरते ती आफ्रिकेच्या एका सायकॅडजवळ. फ्रान्सिस मॅसनने १७७५ साली हे झाड क्यूला आणलं, म्हणजे फोटोग्राफीहून ते साठहून अधिक वर्षांनी मोठं. बुंधा एका अंगाला कललेला, आधाराला टेकू दिलेले, आणि अंगभर गळून गेलेल्या पानांचे खवले, प्रत्येक खवला वेगळा. दुपारी कमानींच्या सावल्यांचे पट्टे त्यावर आडवे पडतात आणि खवल्यांशी गोंधळतात. ढग येईपर्यंत थांबलं की पट्टे जातात.

कृष्णधवल फिल्म घातली असेल तर लेन्सवर अण्णांचा हिरवा फिल्टर चढवते, त्याने पानं उजळतात आणि शिरा सुट्या होतात. फुलाला आधी बाजूने घेते, फुगीरपणासाठी. मग खाली वाकून देठाकडून, निदलपुंजासाठी. पान मात्र उजेडाच्या आड धरूनच. कर्टिसचं मासिक आजही चित्रकारांकडून रंगवून घेतं, आणि माझ्या प्रिंट त्या चित्रांशेजारी ठेवल्या की फुगीरपणात कुंचला अजून पुढे आहे. शिरांमध्ये मात्र नाही.